सदतीस सह्या

सदतीस सह्या मी एकटीने गोळा केल्या. मी, जी गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची.

वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या साठ फ्लॅटच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन महिने बंद होती. बिल्डर फोनच उचलत नव्हता. फ्लॅटमालकांची सोसायटी झाली की कारभार आपल्या हातात येणार होता, आणि त्यासाठी निम्म्याहून जास्त मालकांच्या सह्या हव्या होत्या.

सातव्या मजल्यावरच्या चेतना आंटींची रजिस्ट्री, म्हणजे फ्लॅटच्या खरेदीखताची नोंदणी, अजून बिल्डरकडे अडकलेली. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "बेटा, बिल्डर को नाम तो नहीं पता चलेगा?"

"बिल्कुल नहीं, आंटी. अर्जी सीधे रजिस्ट्रार के यहाँ जाएगी."

त्यांनी सही केली, वर मूठभर खुसखुशीत मठरी खायला दिली. मी पायऱ्या उड्या मारतच उतरले.

अर्ज रजिस्ट्रारकडे नेऊन द्यायचं काम बाबांचं. बाबा रेल्वेत इंजिनिअर. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा रजेचा अर्जही साहेबांना डावलून पुढे गेलेला नाही. संध्याकाळी ते खुशीत घरी आले. म्हणाले, आधी बिल्डरकडे दिलाय, त्याची शिफारस लागली की पुढे जाईल. प्रॉपर चॅनल. शिक्का मारलेली पोचही दाखवली.

आई म्हणाली, "अहो, तक्रार ज्याची, त्याच्याच हातात?"

चार दिवसांत बिल्डरने, जो आमचा फोन उचलत नव्हता, एकेकाला स्वतः फोन केले. रजिस्ट्री अडकलेल्या अकरा जणांनी सह्या मागे घेतल्या. उरल्या सव्वीस. पहिली माघार चेतना आंटींची.

त्या सासूबाईंना धरून जिना उतरत होत्या. मी दुसरा हात धरायला धावले.

"रहने दो," त्या म्हणाल्या. "तुमने तो कहा था, बेटा."

घरी बाबांना विचारलं, "शब्द मी दिला होता. मला न विचारता कसा दिलात अर्ज?"

"तुला काय विचारायचं? मुलं सह्या आणतात, पुढचं मोठे बघतात."

इतके दिवस दारोदार फिरले, आणि यांच्या लेखी मी निरोप्याच होते.

मी नवा कागद घेतला. बाबांची सही पहिली घेतली आणि म्हटलं, आता अकरा दारांवर तुम्ही चला, काय झालं ते तुम्हीच सांगा. बाबांनी चपला घातल्या.

सातव्या मजल्यावर बाबांनी धापा टाकत बेल वाजवली. आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दार उघडलं नाही. बाबांनी पुन्हा बेलकडे हात नेला. मी तो धरला.

"इथूनच सांगा, बाबा. त्या ऐकतायत."

बाबांनी घसा साफ केला.