दुधातली करणी

"करनीचा धागा! डोळं भरून बघा!"

श्रीमंतबुवांनी वाटी तिरकी केली, तशी दुधाऐवजी शेंबडासारखी लांबलचक तार लोंबली. वस्तीवरची माणसं दचकून मागं सरकली. सोपानच्या अंगावर काटा आला. दूध त्याच्याच आजारी गायीचं होतं, आत्ताच डोळ्यांदेखत काढलेलं. बुवांनी त्यात फक्त 'तीर्थ' ओतलं होतं.

"धार कोन काढतं?"

सोपाननं मान खाली घातली. पण सगळ्यांच्या माना रोज धार काढायला येणाऱ्या शेजारच्या भागिरथीकडं वळल्या.

"आवसंच्या आत हिला शिवंभाईर घाला. आज गाय, उद्या लेकरू!"

"भावजी, मी काय केलं वं?" भागिरथीनं विचारलं. सोपानला तिच्याकडं बघवेना. मागं कुणीतरी रॉकेलचं नाव काढलं, आणि त्यावर कुणीच 'नको' म्हणालं नाही.

तेवढ्यात तिसगावच्या गुरांच्या दवाखान्यातल्या रश्मी मॅडम आल्या. सोपानच्या बायकोनं, बनुबाईनं, गुपचूप निरोप धाडला होता. मॅडमनी कास चाचपली. एक सड दगडासारखा टणक, तापलेला.

"बुवा, तीर्थ द्या जरा."

"बाईमानसानं शिवायचं न्हाई!"

"राहू द्या. बनुबाई, धुण्याची पावडर कालवून आणा."

सुजल्या सडाच्या दुधात ते पाणी पडताच तीच तार लोंबली. शेजारच्या चांगल्या सडाचं दूध मात्र दूधच राहिलं.

"करणी काय एकाच सडाला झाली?" मॅडम म्हणाल्या. "सडात जंतू शिरलेत. त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी लाखांनी धावतात. पावडरीनं त्या फुटतात आणि आतला डीएनए बाहेर पडतो. तो चिकट असतो, धाग्यासारखा. हा धागा वैऱ्याचा नाही, राखणदारांचा आहे!"

सोपाननं बुवांच्या हातातला तांब्या हिसकावला. तीर्थात बोटं बुडवून चोळली. फेस आला.

सड काही वाचला नाही. आठ दिवस अंगारा लावण्यात गेले होते. सोपान भागिरथीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वैनी, चुकलो."

"दवाखाना लांब पडला, भावजी," ती म्हणाली. "माझं घर तेवढं जवळ हुतं."

तिनं दार लावून घेतलं. पुन्हा ती त्याच्या गोठ्यात आली नाही.

बायांनो, बाप्यांनो, जनावर आजारी पडलं तर डॉक्टर बोलवा. आणि ज्या तीर्थाला कुणी हात लावू देत नाही, त्याला आधी हात लावून बघा. माणसावर हात उगारण्याआधी.