समोरची सीट

"आता ह्या बकऱ्याईले हाच रस्ता सापडला," इंदूवहिनी पुटपुटली.

मी मागच्या सीटवर शेवयांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, तरी मला ते ऐकू आलं. नानाजीनं पाय उचलला, गाडी मंदावली. बकऱ्या रमतगमत पार झाल्या. "गेल्या एकदाच्या," वहिनी म्हणाली, तशी त्यानं गाडी पुन्हा सोडली.

नानाजी माझा मोठा भाऊ. आधी कधी मी वहिनीला कशाबद्दल कुरकुरताना ऐकलं नव्हतं. भाजी करपली तरी ती करपलेली स्वतः खायची आणि गप्प राहायची. पण मागच्या दिवाळीपासून तिला कुरकुरायची सवय लागली, आणि ती फक्त गाडीत. तेही रस्त्यावर असेल त्याच्याच नावानं. "खड्डा बुजवाले कोणाले फुरसत नाही." "हा सायकलवाला मधातूनच जाईन." घरी उतरली की पुन्हा मुकी.

ती काय करत होती ते मला ठाऊक होतं. नानाजीलाही ठाऊक होतं. गावालाही असणार.

मागच्या साली कपाशीवर अळी पडली आणि सगळ्यांनी फवारे मारले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यात शिरून मारायचं, वारा फिरला की सगळं तोंडावर. नानाजी एका दुपारी डोळे चोळत घरी आला, तो यवतमाळच्या दवाखान्यातच जाऊन पडला. त्याच्या शेजारच्या खाटांवर आमच्याच भागातली माणसं होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे किती ते कोणी विचारलं नाही. घरी आल्यावर त्या गोष्टीला एक नाव मिळालं, चुरचुर. "बाबाचे डोळे चुरचुरतात." शेत दुसऱ्याला बटईनं, वाट्यानं कसायला दिलं, ते चुरचुरीमुळे. पेपर वाचणं सोडलं, तेही चुरचुरीमुळे. चुरचुरीच्या पुढं काही आहे असं कोणी म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर गाडीची किल्ली मागावी लागली असती, आणि त्याच्याकडे आता तेवढीच राहिली होती.

गाडी जुनी, पांढरी, चार दारांची. दारव्ह्याच्या निजामुद्दीन मिस्त्रीनं तिच्यात काचेजवळ फोन अडकवायची चिमटी बसवून दिली, फोनमधला नकाशा लावून दिला आणि त्यातल्या बाईचा आवाज मोठा करून ठेवला. म्हणाला, "नानाजी, गाडी में इस बाई का सुनो. घरवाली का घर में सुनना." नानाजी हसला होता. पण गाडीत तो दोघींचंही ऐकत होता. कुठं वळायचं ते फोनमधली बाई सांगायची, कशाला धडकायचं नाही ते वहिनी सांगायची. दोघींची वाटणी इतकी बरोबर बसली होती, की नव्या माणसाला वाटावं, हा माणूस काय सफाईनं चालवतो.

आपल्याच घरात इतकी सफाई पाहून मला हायसं वाटायचं नाही. रस्त्यावर दुसऱ्यांचीही लेकरं असतात. पण मी तरी कुठं बोलले?

त्या दिवशी आम्ही बोरी अरबहून मारेगावला निघालो होतो. सोनूला आणायला. सोनू नानाजीची एकुलती एक पोरगी, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला पोरीला माहेरी आणायला बाप जातो. भाऊ असला तर भाऊ जातो, पण सोनूला भाऊ नाही. लग्नातही तिला सासरी नानाजीनंच नेलं होतं, ह्याच गाडीतून, आरशाला झेंडूची माळ बांधून. मी म्हटलं होतं, जावयालाच म्हणा ना सोडून दे. नानाजी म्हणाला, "जावई जिनिंगवर कापूस घेऊन लायनीत उभा हाय. अन् पोरीले आणाले मी काहून नाही जाणार? मी काय मेलो?"

सोनूनं लग्न होऊन जाताना बापाच्या फोनात काहीतरी करून ठेवलं होतं. तिला तिकडे घरबसल्या बाबाचा फोन कुठं आहे ते दिसायचं. नकाशावर निळा ठिपका. "बाबा, आज यवतमाळले गेलते ना?" ती संध्याकाळी विचारायची आणि नानाजी गावभर सांगायचा, "पोरगी तिथं बसून मह्यावर पहारा करते." दिवाळीनंतर तिनं विचारणं कमी केलं. ठिपका जाऊन जाऊन जायचा कुठं?

यवतमाळपर्यंत ठीक गेलो. पुढं मारेगावला आमचा रस्ता ठरलेला, जोडमोह्यावरून. त्या रस्त्यानं नानाजीनं ट्रॅक्टर नेले, वऱ्हाडं नेली, एकदा बैलही नेला. कुठं उतार संपतो, कुठं वळण लागतं, ते त्याच्या हातांना माहीत होतं, डोळ्यांची गरज नव्हती. म्हणूनच तो निघाला होता, हे मला नंतर समजलं.

शहरात गर्दी होती. वहिनीला दम खायला वेळ नव्हता. "हा ऑटोवाला. ही बाई पाह्य, लेकरू घेऊन मधातच. हा हातगाडीवाला इथंच मांडते का दुकान." त्यातच फोनमधली बाई म्हणाली की पुढं रस्ता जाम आहे, दुसरा रस्ता जल्दीचा आहे, आणि "बाएँ मुड़ें." नानाजी वळला. वहिनी हातगाडीच्या मागं लागलेली, तिनं पाटी पाहिली नाही. पाटी मी पाहिली, कळंबची. मला वाटलं, पोरीला आणायला निघालोय तर मुद्दामच चिंतामणीला जाऊन पुढं जायचं असेल.

रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस चिकटला होता. गाड्या भरून जातात तेव्हा काटे आपला वाटा काढून घेतात. ऊन चढत होतं. बराच वेळ गेला तसा नानाजी म्हणाला, "जोडमोहा गेलं का वं?"

वहिनीनं काच खाली करून बाहेर पाहिलं.

"चढ काहून नाही लागला अजून?"

"कळंब आलं वाटते," वहिनी म्हणाली, एकदम हळू.

त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मग म्हणाला, "हो मंग. चिंतामणीचं दर्शन घेऊनच जाऊ म्हटलं." मी म्हटलं, "मलेही तेच वाटलं." वहिनी म्हणाली, "बरं केलं." आम्ही तिघांनी मिळून ते खोटं असं छान उभं केलं की देवालाही खरं वाटावं.

कळंबचा चिंतामणी जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. नानाजी म्हणाला, "तुमी जा. मी गाडीपाशी थांबतो." लहानपणी ह्याच पायऱ्या तो मला पाठीवर घेऊन उतरला होता.

वहिनीला गाभाऱ्यात वेळ लागला. तिला मागायचं बरंच होतं. मी आधी वर आले. नानाजी फोन चिमटीतून काढून नाकाला लावल्यासारखा धरून बसला होता. त्याला सांगत होता, "मारेगाव. जोडमोहा होऊन." बाई सांगत होती, कळंब होऊनच नीट जाता येईल. तो पुन्हा म्हणाला, "जोडमोहा होऊन." मग फोन मांडीवर ठेवून त्यानं कपाळ स्टिअरिंगला टेकलं. मी दोन पायऱ्या परत उतरले आणि खोकून वर आले. "प्रसाद घे," म्हटलं. त्यानं हात पुढं केला तो माझ्या हाताच्या थोडा बाजूला. मी माझा हात तिकडे नेला.

पुढचा सगळा रस्ता त्याच्यासाठी नवा. गाडी इतकी हळू, की मोटरसायकलवाले मागं वळून पाहून जात होते. वहिनीचा घसा बसला. आणि घसा बसल्यावर जे व्हायचं ते झालं. समोरून कापसाचा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुगून बाहेर आलेला. वहिनीला ठसका लागला. शब्द निघायच्या आत तो पांढरा ढीग माझ्या खिडकीशी आला, कोणीतरी ओरडलं, आणि गाडी मुरमात उतरून बाभळीला घासून थांबली. डाव्या बाजूचा आरसा तेवढा लोंबला. शेवयांचा डबा मी धरून ठेवला होता, म्हणजे मीही तेव्हा काहीतरी वाचवलं.

ट्रॅक्टरवाला "दिसत नाही का रे" म्हणून पुढं गेला. परका माणूस, त्याला काय.

नानाजीनं चाचपून हँडब्रेक ओढला. मग फोनकडे तोंड करून म्हणाला, "हे बाई काहीच बोलली नाही."

"तिले रस्ता माहीत हाय," वहिनी म्हणाली. "रस्त्यावरचं तिले कायचं माहीत."

"अन् तू?"

"मले ठसका लागला."

एवढंच. मी उतरून आरसा दुपट्ट्यानं बांधला. आम्ही निघालो.

मारेगावात सोनू दारातच उभी होती, एक हात पोटावर, एका हातात फोन. बापाच्या पाया पडायला वाकायला लागली तर त्यानं तिला अंदाजानं खांद्याला धरून थांबवलं. "बाबा, कळंबले कितीक वेळ उभे होते तुमी. अन् मंग रस्त्यातच थांबले. ठिपका हालेच ना."

"दर्शन घेतलं. मंग चहा घेतला."

"तिथं चहा भेटते?" तिनं बांधलेल्या आरशाकडे पाहिलं, मग आईकडे. आई शेवयांचा डबा देत होती. सोनू पुढं काही बोलली नाही. आमच्या घरची पोरगी.

जेवणं झाली. सोनूची सासू पार्बताबाई बोलायला फटकळ, पण सुनेवर जीव. तिनं ओटी भरली, डिंकाचे लाडू बांधून दिले, शेजारच्या दोघीतिघी निरोपाला आल्या. नानाजी आधीच गाडीत जाऊन बसला होता. इंजिन सुरू. फोन चिमटीत. उजेडीच घरी पोहोचायचं म्हणत होता.

"बस सोनू समोर," पार्बताबाई म्हणाली. "मागं लई दणके बसतात."

मी मागचं दार उघडलं. वहिनी पुढच्या दाराला हात लावून उभी होती. तिनं हात काढला नाही.

"सोनूले मागं बसू द्या," ती म्हणाली. "आडवं होता येते. मी बसतो समोर."

"अवं ईनबाई, सातव्या महिन्याची पोर मागं? अन् तुमी समोर?"

"मले मागं मळमळते."

पार्बताबाईनं शेजारणींकडे पाहिलं. "मळमळते? पोटुशी कोण हाय मंग, तुमी का सोनू?"

बाया हसल्या. वहिनीही हसली, कान लाल झाले, पण दाराचा हात सुटला नाही. आयुष्यात तिनं कधी जास्तीची पोळी घेतली नाही, कार्यात शेवटच्या पंगतीला बसायची, आणि आता सगळ्यांदेखत पोरीच्या सीटसाठी भांडत होती.

"राहू द्या ना," सोनू म्हणाली. "मले मागंच बरं." ती बापाकडे पाहत नव्हती. कोणीच पाहत नव्हतं.

"बरं कायचं? दणका बसला, काही कमीजास्त झालं, तर कोण जबाबदार?" पार्बताबाईचा आवाज चढला. "नवलाची माय पाह्यली मी. पोरीले न्याले आली, अन् समोरची सीट सोडवत नाही."

वहिनी खाली पाहून म्हणाली, "आता हायच मी तशी."

इंजिन बंद झालं.

नानाजी उतरला. बोनेटवरून हात फिरवत, गाडीच्या नाकाला वळसा घालून तो इकडल्या बाजूला आला. बांधलेल्या आरशाला त्याचा हात लागला, तो क्षणभर थांबला. मग वहिनीच्या खांद्यापर्यंत आला आणि तिथं हात ठेवून उभा राहिला. तोंड सोनूकडे होतं, पण नजर तिच्या बाजूच्या भिंतीवर पडत होती.

"तिले काही मळमळत नाही, ईनबाई," तो म्हणाला. आणि मग, किल्ली पोरीच्या दिशेनं धरून, "सोनू, मले दिसत नाही."