ओट्याचं माप

सासूबाई ठेंगण्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातला ओटा आपल्या बेताने बांधून घेतला आणि यथावकाश देवाघरी गेल्या. ओटा मात्र राहिला. थोरली सून ताडमाड उंच. लग्न होऊन आल्यापासून ती त्या ओट्यापुढे वाकूनच उभी होती. भाजी चिरायची ती वाकून, भांडी घासायची तीही वाकूनच. संध्याकाळी कंबर धरून बसली की नवरा म्हणायचा, "जरा शेकून घे." एवढंच काय ते औषध.

मग धाकटी जाऊ आली. चणीने बारकी. ओटा तिला असा काही बेताचा झाला की माप घेऊनच सून आणली असावी. ती गुणगुणत स्वयंपाक करायची आणि थोरलीला ते गुणगुणणं मुळीच सोसत नसे. बायका जावेच्या दागिन्यांवर जळतात, रूपावर जळतात. ही जळायची धाकटीच्या ताठ पाठीवर.

घर म्हणजे दोन खोल्या. त्यात दोन्ही भाऊ, दोघांच्या बायका आणि थोरलीची दोन मुलं. बाहेरच्या खोलीत मधोमध पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे कुणी कूस बदलली तरी पलीकडे कळायचं. दुसरीकडे खोली मिळता मिळत नव्हती. मिळाली तर भाडं ऐकूनच माणूस परत फिरायचा. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, असं जुनी माणसं म्हणत. आता बांधायचं तरी कुठे राहिलं होतं? घरं कारखान्यात तयार व्हायची. भिंती, फरशी, नळ, दिव्याची बटणं सगळं बसवून अख्खी खोली ट्रकवरून यायची आणि क्रेन ती उचलून दुसरीवर ठेवायची. दीर त्याच कारखान्यात नळ जोडायचं काम करायचा. कामगारांसाठी राखलेल्या घरांपैकी एक त्याला लागलं.

थोरली तोंडभरून "वा, छान झालं" म्हणाली आणि आत जाऊन भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली. खरं तर धाकटी गेली की दोन्ही खोल्या हिच्याच. आनंद व्हायला हवा होता. पण असल्या पोटदुखीला अक्कल नसते. नव्या घरात मुलांना वेगळी खोली निघेल, स्वयंपाकघराला खिडकी आहे, आणि ते सगळं कुणाला? तर त्या दोघांना! आपण इथे सासूच्या ओट्यापुढे वाकून मरायचं. विचार करकरून तिला जेवण गोड लागेना.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातला मापवाला यायचा होता. ओटा भिंतीसकट एकाच साच्यात ओतायचे, त्यामुळे उंची आधीच सांगावी लागायची. नेमकी त्याच दिवशी धाकटी पायांत चपला सरकवून दाराशी उभी.

"ताई, मला आज कामावर जायलाच हवं. माप तुम्हीच द्या ना. स्वयंपाकघरातलं तुम्हाला जास्त कळतं."

म्हणजे घर हिचं आणि राबायचं आम्ही, थोरली मनात म्हणाली.

मापवाला आला, फीत काढून म्हणाला, "चला, कोण उभं राहतंय?"

थोरलीने जुन्या ओट्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा कंबरेतला ठणका एकदम डोक्यात गेला. वाकू दे की हिलाही जरा. कळू दे.

"जिचं घर ती कामावर गेलीय," ती म्हणाली. "फार ठेंगणी आहे हो. या ओट्यापेक्षाही चार बोटं खाली घ्या."

"इतका खाली? नक्की ना? एकदा ओतला की बदलता यायचा नाही. पाइप त्यातूनच गेलेले असतात. फोडायला गेलात तर भिंतच हातात येईल."

"नक्की म्हणजे नक्की. मी रोज बघते ना तिला."

त्या संध्याकाळी तिने कंबर शेकली नाही.

घर आलं त्या दिवशी सगळी आळी बघायला लोटली. सकाळी जिथे नुसता पाया होता, तिथे दुपारच्या जेवणापर्यंत खोलीवर खोली चढली होती. "खोकीच आहेत नुसती," थोरलीने नाक मुरडलं. पण तिची नजर त्या खिडकीवरून हलेना. तिला आता एकच गोष्ट बघायची होती: धाकटी ओट्यापुढे उभी राहते कशी.

आठवडाभराने किल्ली मिळाली. दारात पोचल्यावर धाकटी बाजूला झाली.

"ताई, आधी तुम्ही."

"मी कशाला? घर तुझं."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो कान खाजवत म्हणाला, "वहिनी, घर तुमचं. दादाशी बोलणं झालंय माझं. तुम्ही चौघं आहात. आम्हा दोघांना त्या जुन्या खोल्या पुष्कळ झाल्या."

"आणि तिथला जुना ओटा माझ्या बेताचाच आहे," धाकटी हसली. "तुम्हाला वाकताना बघून माझी पाठ दुखायची हो. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. म्हणून तर मापाच्या दिवशी मुद्दाम बाहेर पडले. म्हटलं, फीत समोर आली की ताई आपसूक स्वतःचंच माप देतील."

मुलं ओरडत आत पळाली. थोरली त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेली. खिडकीतून ऊन येत होतं, नळ चकचकत होता, आणि त्याच्याखाली ओटा होता. लहान मुलांच्या बाकासारखा, तिच्या मांडीपाशी.

धाकटी मागून आली आणि जागीच थबकली.

"अगं बाई! हे काय करून ठेवलंय त्या माणसाने?"

दीर भडकला. "मापवाल्याची चूक आहे ही. उद्याच तक्रार करतो. घरी बसवतो त्याला!"

धाकटी तर रडायलाच आली होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. आतापर्यंत तिने हिच्या पाठीचा हेवा केला होता. आता मनाचाही वाटला, आणि तो जास्त झोंबला.

"त्याला काही बोलू नका, भावजी," ती म्हणाली. "त्याने विचारलं होतं मला. नक्की ना, म्हणून विचारलं होतं."

धाकटीची नजर ओट्यावरून तिच्या चेहऱ्यावर आली आणि खाली वळली.

थोरली पुढे झाली, वाकली, आणखी वाकली, आणि तिने नळ सोडला.