उरलेला मजकूर

तिने उदाहरण पुन्हा चालवलं. पडद्यावरचे दोन आकडे पुन्हा वेगळेच निघाले, आणि ती खुर्चीतून ताडकन उठली.

“दादा, इकडे ये! चहा राहू दे, आधी ये!”

लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी वापरायच्या तयार फंक्शनांचा संच, दादाची. सी भाषेतली तिची ओळ न् ओळ त्याने लिहिलेली. धाकट्या बहिणीकडे होतं ते माहितीपुस्तक: कोणतं फंक्शन काय करतं, ते लोकांना कळेल असं लिहायचं. कोडला मात्र हात लावायचा नाही. तो हात लावायला मिळावा म्हणून तिचा जीव आसुसलेला असे, आणि दादा दर वेळी विषय हसण्यावारी न्यायचा.

तिची एक खोड होती. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ती एकही उदाहरण छापत नसे, आणि चालवायची तेही मुद्दाम वेंधळेपणाने. आज हॅशचं पान होतं. हॅश म्हणजे मजकुराचा आकड्यातला ठसा. मजकूर तोच, तर ठसाही तोच. तिने एक कोरा बफर, म्हणजे मजकूर साठवायची जागा, घेतला. दुसरा आधी लांबलचक वाक्याने भरला, मग रिकामा केला. दोन्हींत एकच शब्द घातला, आणि ठसे निघाले दोन!

दादाने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

“रिकामा केला तरी जुनं आत राहतंच गं. आपण फक्त मजकुराची लांबी शून्य करतो.”

“राहू दे की! पण हॅशने भरलंय तेवढंच बघायचं ना? तू अख्खी पिशवी तोलतोयस, तळाच्या पाल्यासकट.”

“मग एक तळटीप टाक. हॅशसाठी कोराच बफर घ्यावा म्हणून. संध्याकाळी आवृत्ती बाहेर पडायचीय.”

“तुझ्या चुकांवर पांघरूण घालायला नाही बसले मी इथे.”

बोलणं कडक होतं, पण आनंद काही लपत नव्हता. दादा आपल्या टेबलाशी गेला, हॅशची फाइल उघडली आणि ती चुकीची ओळ शोधून काढली. मग उठला.

“बस.”

“कुठे?”

“इथे. तूच शोधलंस, आता तूच निस्तर.”

तिने ‘क्षमता’, म्हणजे अख्खी पिशवी, होती तिथे ‘लांबी’ घातली, बदल तेवढाच. उदाहरण चालवलं. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे! ती अशी ओरडली की आतून आईने विचारलं, “काय फुटलं रे?”

उत्तर द्यायला ती वळली, तर दादा तिच्या खुर्चीत बसलेला. या बदलाची नोंद तो माहितीपुस्तकात दोन बोटांनी लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता.

“अगं,” तो मान वर न करताच म्हणाला, “हे लोकांना कळेल का, जरा बघतेस?”