भिंगावरचं कुंकू

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि एका जागी बसणं माझ्या नशिबात नाही. घर माझं एटापल्लीच्या कॉलेजात. पण आमच्या संस्थेचे अध्यक्ष मोठे पुढारी, त्यांची कॉलेजं जिल्हाभर. जिथे दर्जा ठरवणारी समिती येणार, तिथे मला जीपमध्ये घालून पळवतात. धक्क्यांनी माझे स्क्रू ढिले झाले, तरी नजर शाबूत आहे. डासाला जांभई देताना मी पाहिलं आहे. खोटं वाटलं तर डासाला विचारा.

दिव्यानी आमच्याकडे शेवटच्या वर्षाला. रक्तातली विळ्यासारखी वाकडी पेशी, म्हणजे सिकलसेल, ओळखायला ती माझ्यावरच शिकत होती. सोमवारी तिची प्रात्यक्षिक परीक्षा. आणि शनिवारी प्रयोगशाळेचे प्रफुलभाऊ मला उचलायला आले.

"काऊन नेता भाऊ? हा एकच उरला हाय," दिव्यानी म्हणाली.

"अध्यक्षसाहेबाचा फोन हाय. चामोर्शीले समिती येऊन राह्यली. उद्या वापस आणतो."

"मागचे दोन बी उद्याच येणार होते."

"मंग तूच चाल. मांडीवर घेऊन बस त्याले."

ती खरंच बसली.

चामोर्शीत माझा थाट काय सांगू! प्राचार्यांनी नारळ फोडला, हार घातला आणि कुंकवाचं बोट थेट माझ्या भिंगावर टेकवलं. समितीचे प्रमुख वाकले. "वा, रक्त किती स्पष्ट दिसतंय."

"सर, ते कुंकू हाय," दिव्यानी म्हणाली. "अन् यंत्र एटापल्लीचं हाय."

तेवढ्यात प्रमुखांचा फोन वाजला. "हो साहेब. आपलंच कॉलेज, साहेब." फोन ठेवून त्यांनी पुन्हा डोळा लावला.

"तरी स्पष्टच दिसतंय," म्हणाले.

'अ' दर्जा पक्का झाला. संध्याकाळी साहेब स्वतः आले. "हा गुणाचा हाय, इथीच राहू द्या." मला काचेच्या कपाटात कोंडलं आणि किल्ली त्यांच्या खिशात गेली.

आज रविवार. दिव्यानी पुन्हा आली, एकटीच, बसने. शिपाई म्हणाला, "किल्ली साहेबापाशी, बाई. साहेब मुंबईले." तिने रुमालातून रक्ताची काचपट्टी काढली, कपाटाच्या काचेला टेकवली आणि एक डोळा मिटून बघत राहिली. तिला काही दिसलं नाही. मलाही नाही. मग ती शेवटची बस धरायला निघाली.

उद्या तिची परीक्षा आहे, आणि मी इथे हार घालून बसलो आहे. मित्रांनो, माझी पूजा करू नका. तुमच्यापैकी कुणी साहेबांच्या ओळखीचं असेल, तर आजच्या आज ती किल्ली मागा.