समोर बसून सांगायचं

आमच्या सेर्वा मॅडमचा एक नियम होता. कुणाला नोकरीवरून काढायचं असेल तर पत्रानं नाही, फोनवर नाही. त्या माणसासमोर बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. राजधानीत, आक्राला, मोठमोठ्या सभांत त्यांना भाषणाला बोलवत, तिथंही त्या हेच सांगत. लोक टाळ्या वाजवत. मीही वाजवायचो. फळं सुकवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्याच्या त्या प्रमुख, आणि मी त्यांचा ऑफिस मॅनेजर. वयानं मोठा, म्हणून मला 'अदूमामा' म्हणत.

शुक्रवारी परदेशातल्या मालकांचा निरोप आला. अननस विभाग बंद करायचा, सोमवारी फलकावर नोटीस लावायची. मॅडम फोनवर खूप भांडल्या. शेवटी आवाज बसला, पण तिकडचा माणूस हलला नाही. त्या विभागाचा प्रमुख बाफी. बाई कारखाना चालवणार म्हणून सगळे फिदीफिदी हसत होते तेव्हा त्यांच्या बाजूनं पहिला उठून उभा राहिलेला तो बाफी. मॅडमनी त्याला पुढे आणलं, आणि तोही त्यांच्यासाठी जीव टाकायचा.

बाफी रजेवर गावी होता. त्याचा मामा वारला होता आणि शनिवारी आईकडच्या घराण्याचा कर्ता म्हणून त्याला बसवणार होते. आमच्याकडे घराणं आईकडून चालतं, मामाच्या जागी भाचा बसतो.

"म्हणजे उद्याच जायला हवं," मॅडम म्हणाल्या.

"उद्या? अहो, उद्या सगळं घराणं अंगणात जमलेलं असणार. फोन करा, त्याला हळूच इकडं बोलवून घ्या."

"मालकांचा इथला माणूस आजच पॅकिंग विभागात बडबडलाय, मामा. बातमी उद्यापर्यंत गावात पोचेल. बाफीला ती भलत्याकडून कळली, तर मी माणसांची कदर करते म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? आणि फोन हे भित्र्यांचं काम."

"मग मी भित्राच बरा," मी म्हणालो. पण गाडी काढायला सांगितली. पगार त्या देत होत्या आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर जीव होता.

आम्ही पोचलो तेव्हा ढोल चालू होता. बाफी खांद्यावरून भरजरी कापड घेऊन मधल्या खुर्चीवर बसला होता. मॅडमना पाहून त्याचा चेहरा असा फुलला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. "कारखान्याची राणी आली गं, आमच्या पोराच्या मानाला!" म्हणत एक म्हातारी मावशी चक्क नाचली. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. सगळ्यांशी हात मिळवून झाले. मग थोरल्या आजोबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "इथं सगळं शांत आहे. आलात तुम्ही, तेव्हा काम तुम्हीच सांगायचं."

मोठ्या माणसानं असं काम स्वतःच्या तोंडानं सांगायचं नसतं. बरोबरच्यानं सांगायचं, म्हणजे कडू असेल तर त्याला जरा गोड करता येतं. मी उठलो. "तुमच्या आनंदात आम्ही..." एवढंच म्हटलं, आणि मॅडमनी माझं मनगट धरलं.

"मला बाफीशी एकट्याशी बोलायचंय."

आजोबा हसले. "कर्ता एकटा कसा मिळेल, बाई? आजपासून त्याच्या कानाला आमचे सगळ्यांचे कान जोडलेत."

"पगारवाढ असणार!" मावशी ओरडली. "आपण वाटा मागू म्हणून घाबरतेय!"

अंगण खदखदून हसलं. बाफीही हसला. "इथंच सांगा, मॅडम. मी यांना नेहमी सांगतो, आमच्या मॅडम पाठीमागं एक आणि समोर एक असं बोलत नाहीत."

त्या क्षणी खोटं बोलायला हवं होतं. मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो, हिला आज एकदा खोटं बोलू दे. पण सेर्वा मॅडम त्या. सरळ बसल्या आणि भाषणात बोलतात तितक्याच स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "बाफी, तुझा विभाग बंद होतोय. तुझी काही चूक नाही. पण सोमवारपासून तुला काम नाही. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी स्वतः आले."

"म्हणजे काढलं?" मावशीनं विचारलं. "काढलं का आमच्या पोराला?" कुणीतरी तिला गप्प केलं.

मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. घराण्यातल्या मयतांचं बघायचं, भाच्यांच्या शिक्षणाचं बघायचं, भांडणं मिटवायची, हे सगळं कर्त्यानं करायचं. बिनकामाच्या माणसाचं कोण ऐकणार? आणि त्याला तर सकाळीच खुर्चीवर बसवलं होतं. बाफीनं घसरलेलं कापड खांद्यावर सारखं केलं.

"पाहुण्यांना वाढा," तो म्हणाला.

उठून जाणं शक्यच नव्हतं. फुफू, म्हणजे कंद कुटून केलेला मऊ गोळा, आणि कोंबडीचं सूप आलं. फुफू चावायचा नसतो, नुसता गिळायचा, पण त्या दिवशी मी तो चावत बसलो. मॅडम मान खाली घालून जेवल्या. हातावर पाणी घालायला बाफी स्वतः आला.

"पत्र पाठवणं मला सोपं होतं रे," त्या हळूच म्हणाल्या.

"हो मॅडम." तो पाणी घालत राहिला. "पत्र आलं असतं तर मी दार लावून वाचलं असतं. आधी बायकोला सांगितलं असतं. मग जमेल तसं, जमेल तेव्हा या लोकांना. तुमचं मन तेवढं हलकं झालं."

मॅडमचे हात कधीचे धुऊन झाले होते, तरी त्या ते चोळतच होत्या. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मी उभा राहिलो आणि निरोप मागितला. आमच्याकडे निरोप मागणं म्हणजे वाट मागणं, आणि पाहुण्याला पूर्ण वाट कधी देत नाहीत. अर्धी देतात, अर्धी घरात ठेवून घेतात. ती न्यायला त्यानं पुन्हा यायचं असतं. भांडून निघालेल्या जावयालासुद्धा अर्धीच देतात. हे उत्तर घराण्याच्या कर्त्यानं द्यायचं, म्हणून सगळे बाफीकडे बघू लागले. कर्ता म्हणून त्याचं ते पहिलंच उत्तर होतं.

"मॅडम," तो शांतपणे म्हणाला, "पूर्ण वाट घ्या. आम्ही काही ठेवून घेत नाही."

कुणीही त्याला अडवलं नाही. सेर्वा मॅडम आमच्यातल्याच. त्यांना अर्थ समजावून सांगावा लागला नाही. त्या उठल्या. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही गाडीकडे निघालो.