चार बोटं खाली बसवलेली सीट

मी सायकलची सीट बोलतेय. माझ्यावर बसणारे सगळे पुढं बघतात, माझ्याकडं कुणी बघत नाही. म्हणून मलाच बोलावं लागतंय.

भोकरच्या एका दुकानात मला लाल सायकलवर चढवलं. रामलिंग आणि शिल्पा लेकीला, अक्षराला, घेऊन आले होते. गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीला पलीकडच्या गावाला जायचं. लेकीची शाळा सुटू नये म्हणून सायकलचा हट्ट शिल्पानंच धरला होता.

"सीट खाली घ्या, भाऊ. दोन्ही पाय पुरते टेकले पाहिजेत," ती दुकानदाराला म्हणाली.

"आणखी?"

"हाव, आणखी."

"आता तर बसायचा पाट झाला, ताई."

"होऊ द्या."

पान्यानं नट आवळला आणि मी तळाला जाऊन बसले.

शिल्पाला मी नावं ठेवत नाही. त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या. पोरगी घरी येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

पहिलं वर्ष निभलं. मग अक्षरा उंच व्हायला लागली. ड्रेस नवे आले, चपला नव्या आल्या, मी मात्र तिथंच. तिचे गुडघे हँडलपाशी येऊ लागले. पायडल खाली गेलं तरी पाय मोकळा व्हायचा नाही, सगळा जोर गुडघ्याच्या वाटीवर.

"अक्षे, बेडकावाणी दिसायलीस. उडी मारतीस का काय?" मैत्रीण ऋतुजा चिडवायची. अक्षरा हसायची आणि वाटेतल्या पुलापाशी उतरून गुडघे चोळायची.

एकदा तिनं घरी विचारलं, "मम्मी, सीट वर करू का?"

"पडलीस म्हंजे? ऱ्हाऊ दे हाय तशी."

दुखतंय हे तिनं सांगितलंच नाही. सांगितलं तर सायकल बंद, आणि सायकल बंद म्हणजे शाळा बंद, हे तिला ठाऊक होतं. चढावर ती माझ्यावर एका अंगाला झुकायची, दुखरा पाय वाचवायला.

नववीत दिवाळीनंतर गुडघा सुजला. आता लपवता येईना. रामलिंग तिला दवाखान्यात नेऊन आला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणतेत, सायकल बंद करा."

"मग शाळेत कशी जाईल?"

"मी रोज शेत टाकून सोडायला जाऊ का? लई झालं आता शिक्षण."

शिल्पानं दप्तर फळीवर ठेवून दिलं. ट्रॅक्टरची धास्ती तरी मिटली, असंही तिला वाटलं असेल.

आरामानं सूज उतरली. म्हणजे शाळेच्या जाण्या-येण्यानंच दुखत होतं, असं घरात ठरून गेलं.

काही महिन्यांनी रामलिंगनं शेतात न्यायला सायकल काढली. बसला, तर गुडघे हँडलला लागले. "ह्याच्यावर कोण बसंल?" म्हणत त्यानं पाना आणला, नट सैल केला आणि मला चार बोटं वर ओढलं. झालं काम.

अक्षरा दारात उभी होती. आता ती उंचीनं बापाच्या कानापर्यंत आली होती.

"पप्पा, मी बसू?"

सायकल स्टँडवरच होती. तिनं पायडल मारलं. पाय खालपर्यंत मोकळा गेला. चाक जागेवर फिरत राहिलं.

"दुखतंय का गं?" शिल्पानं विचारलं.

"न्हाई." ती थांबली, पुन्हा पायडल मारून बघितलं. "मम्मी, न्हाई दुखत."

शिल्पानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, शाळेत एकदा विचारून बघू का?"

"कशाला? रविवारी पाहुणे तिला बघायला यायलेत. उतर गं, मला उशीर व्हायलाय."

ती उतरली.

आईबापांनो, लेकरू वाढलं की मलाही वर घेत जा. लेकराला बसवा, टाच अगदी खालच्या पायडलवर ठेवायला सांगा. पाय सरळ झाला की माझी जागा बरोबर. जमिनीला नुसते चवडे टेकले तरी पुरे, लेकरू पडत नाही. आणि ते गप्प असलं तरी गुडघ्याचं विचारत जा.

रविवारी मी अंगणातच होते. पाहुण्यांनी अक्षराला चालून दाखवायला सांगितलं. ती नीट चालली. कुठं लंगडली नाही.